कॅमेरा कुठे उभा होता?

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात, सान्ता फेच्या उत्तरेला, चामा नदीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रस्त्यावर हर्नांदेज नावाचं एक छोटं गाव आहे. कच्च्या विटांची घरं, एक जुनं चर्च, त्याच्या आसपास दफनभूमीतले पांढरे क्रूस आणि मागे दूरवर बर्फाची टोपी घातलेले डोंगर. १९४१च्या शरदात एका संध्याकाळी या रस्त्यानं एक मोटार सान्ता फेकडे परत चालली होती. चालवत होते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. सोबत त्यांचा आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. दिवसभर खोऱ्यात भटकूनही मनासारखं काही हाती लागलं नव्हतं.

मग अ‍ॅडम्स यांची नजर डावीकडे गेली. पूर्वेला डोंगरांवर चंद्र वर आला होता, आणि पाठीमागे पश्चिमेला ढगांच्या कडेशी टेकलेल्या सूर्याचं शेवटचं ऊन क्रुसांवर पडलं होतं. ते ऊन आता जाणार हे उघड होतं. गाडी कशीबशी रस्त्याच्या कडेला घातली गेली, तिपाई आण, भिंग आण असा आरडाओरडा झाला, आठ बाय दहा इंची निगेटिव्हचा तो अवजड कॅमेरा उभा राहिला. पण प्रकाशमापक सापडेना. अ‍ॅडम्स यांना एक आकडा मात्र पाठ होता : चंद्राची तेजस्विता, दर चौरस फुटाला २५० कँडल. तो आकडा धरून त्यांनी उभ्या उभ्या हिशेब मांडला. साधा हिशेब निघाला एफ/८ला एक साठांश सेकंद. भिंगावर पिवळा फिल्टर होता, म्हणून त्याची तिप्पट. आणि चर्चपासून डोंगरापर्यंत सगळं रेखीव यायला हवं म्हणून छिद्र एफ/३२पर्यंत बारीक केलं, तेव्हा उत्तर आलं एक सेकंद. एक निगेटिव्ह झाली. दुसरी घ्यावी म्हणून त्यांनी फिल्मचा होल्डर उलटा केला, तोवर क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

‘मूनराइज, हर्नांदेज, न्यू मेक्सिको’ हे छायाचित्र असं जन्मलं. म्हणजे अ‍ॅडम्स पुढे आयुष्यभर ही गोष्ट अशी सांगत असत. एकुलत्या एका निगेटिव्हवरून त्यांनी पुढच्या चाळीसेक वर्षांत हजारावर प्रिंट काढले. १९८१ साली त्यातला एक लिलावात ७१,५०० डॉलरला गेला, तेव्हा छायाचित्राला आलेली ती सर्वांत मोठी किंमत होती. २००६ साली आणखी एक गेला ६,०९,६०० डॉलरला.

आता गंमत अशी, की एक सेकंद, एफ/३२, फिल्टर अमुक, भिंग तमुक हे सगळं या माणसाला चोख आठवत होतं. तारीख तेवढी आठवत नव्हती. महिना सोडा, सालही नाही. प्रवास आणि खर्चाच्या नोंदी ते नीट ठेवत, पण कुठली निगेटिव्ह कधी केली हे लिहायची त्यांना सवयच नव्हती. या एकाच चित्राला त्यांनी निरनिराळ्या वेळी १९४० ते १९४४ पर्यंतची सालं देऊन ठेवली. जुन्या घरगुती फोटोंच्या मागे ‘दिवाळी’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कुठली दिवाळी यावरून वडीलधाऱ्यांत वाद होतो, त्याच जातीचा हा घोळ. फक्त इथे वाद संग्रहालयांच्या सूचींत चालला होता.

खरं तर एक पुरावा समोरच होता. हे चित्र ‘यू. एस. कॅमेरा’च्या १९४३च्या वार्षिकांकात आलं, आणि तो अंक निघाला १९४२च्या अखेरीस. एडवर्ड स्टायकेन यांनी ते निवडलं होतं. म्हणजे १९४३ आणि १९४४ ही सालं आपोआप बाद. त्या अंकात अ‍ॅडम्स यांनी चित्राची जी हकिगत दिली आहे, ती मात्र नंतरच्या गोष्टीशी जुळत नाही. तिथे ते म्हणतात की चित्र सूर्यास्तानंतरचं, संधिप्रकाशातलं आहे. आणि प्रकाशमापकावर कुठला भाग कुठे धरला तेही सांगतात. न सापडलेला प्रकाशमापक! माणूस खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. चांगली गोष्ट सांगून सांगून गुळगुळीत होते, आणि सांगणाऱ्यालाच ती मग तशी आठवू लागते.

आठवणीवर भिस्त ठेवता येत नव्हती, आणि कागद नव्हता. साक्षीदार एकच उरला होता, तो चित्राच्या वरच्या भागात लटकलेला.

चंद्र हे दोन काट्यांचं घड्याळ आहे. पहिला काटा त्याची कला. आपल्याकडे पंचांग वापरणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. चंद्र किती भरला आहे यावरून तिथी कळते. दुसरा काटा म्हणजे क्षितिजाच्या संदर्भात त्याची जागा : क्षितिजापासून किती उंच, म्हणजे उन्नतांश, आणि उत्तरेपासून किती वळून, म्हणजे दिगंश. पृथ्वी फिरते त्यामुळे चंद्राचं बिंब आपल्या स्वतःच्या रुंदीइतकं अंतर आकाशात साधारण दोन मिनिटांत सरकतं. म्हणजे चित्रावर बिंबाच्या रुंदीइतकी चूक झाली तर वेळेत दोन मिनिटांचा फरक. हा काटा बारीक आहे. पहिला काटा तुलनेनं मोठा आणि ढोबळ. दोन्ही मिळून दिवस आणि मिनिट सांगू शकतात. त्यातून मावळतीच्या सुमाराला, अमुक कलेचा चंद्र, अमुक दिशेला, एवढी अट घातली की महिन्यातले एकदोन दिवसच उरतात. शरदातले महिने मोजके, संशयाची वर्षं उरली तीन. चाळणी तशी सोपी वाटते.

हे काम करून घ्यायची कल्पना ब्यूमाँट न्यूहॉल यांची. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये छायाचित्रांचा विभाग उभा करणारे इतिहासकार; अ‍ॅडम्स यांचे जुने स्नेही. मित्राच्या तारखांच्या गोंधळाला कंटाळून त्यांनी कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या हाय ऑल्टिट्यूड ऑब्झर्व्हेटरीतले डेव्हिड एल्मोर यांना विचारलं. एल्मोर यांनी गावाची माहिती, चित्रातली चंद्राची जागा आणि चंद्राच्या दिगंशाची कोष्टकं एकत्र केली, संगणक लावला, आणि उत्तर दिलं : ३१ ऑक्टोबर १९४१, दुपारी चार वाजून काही मिनिटं. अ‍ॅडम्स यांनी ते आनंदानं मान्य केलं. १९८३ साली आलेल्या आपल्या पुस्तकात, चाळीस छायाचित्रांच्या जन्मकथा सांगताना, त्यांनी ही तारीख छापूनही टाकली.

आता मजेची गोष्ट पाहा. सूर्यास्त. ऑक्टोबरच्या शेवटी हर्नांदेजला सपाट क्षितिजावर सूर्य मावळतो तो पाचनंतर. चार वाजता सूर्य चांगला तासभर वर असतो. क्रुसांवरचं शेवटचं ऊन, पळापळ, दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत गेलेला उजेड, हे सगळं मग कुठे बसवायचं? ढगाआड गेला म्हणावं तर म्हणता येतं. पण ज्या गोष्टीचा प्राणच तिच्या घाईत आहे, तिला एक तास मोकळा सापडावा हे पटत नाही. एल्मोर यांचं उत्तर प्रसिद्ध झालं तेव्हा हे कुणाला खटकलं नाही. शास्त्रज्ञानं संगणकावर काढलेली तारीख आहे म्हटल्यावर लोक फार खोलात जात नाहीत. १९८१ साली तर नाहीच नाही.

खटकलं ते ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या मासिकातले डेनिस डी चिको यांना, आणि तेही वेगळ्या कारणानं. त्यांनी एल्मोर यांच्या तारखेला, त्या वेळेला चंद्र कुठे असायला हवा ते काढून पाहिलं, तर तो चित्रातल्या जागी येईना. मग त्यांनी सगळा प्रश्न मुळापासून सोडवायला घेतला, आणि हिशेबातली चूक आकाशात नाही, जमिनीवर आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

चंद्राचं स्थान काढणं हा भाग सोपा आहे. ग्रहगणित पक्कं आहे. हजार वर्षांपूर्वीचा चंद्रसुद्धा आज काढता येतो. अडचण अशी की चित्रात चंद्र मोजायचा तो कशाच्या संदर्भात? चर्चच्या, डोंगराच्या. आणि चर्च डोंगराच्या नेमकं कुठल्या शिखराखाली दिसतं हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना जवळचे खांब पळतात आणि लांबचा डोंगर जागचा हलत नाही. तसं इथेही. कॅमेरा रस्त्याच्या कडेनं थोडा पुढेमागे धरला की चर्च डोंगरापुढून सरकतं, दिशांचे कोन बदलतात, आणि त्या कोनांवर बांधलेला चंद्रही घसरतो. उलट बाजूनं पाहिलं तर हीच युक्ती कामाला येते. जवळची खूण आणि लांबची खूण चित्रात जशी एकमेकींना भेटते तशी ती जिथून भेटेल, ती एकच जागा. तिथे माणूस उभा होता.

एल्मोर यांची कॅमेऱ्याची जागा चुकली होती. शिवाय त्यांच्या संगणकाच्या पडद्यावर चित्र किंचित वाकडं उमटत होतं, त्यानंही मोजमाप बिघडवलं. चूक लहान होती आणि परिणामही बघा किती फसवा. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. म्हणजे आदल्या दिवशी पाऊण तास आधी तो आकाशात जवळजवळ त्याच जागी असतो. जमिनीवरचे कोन जरा चुकले, की ‘आज पावणेपाच’ आणि ‘काल चार’ यांत निवड करणं कठीण होऊन बसतं. एल्मोर नेमके त्या शेजारच्या खणात पडले.

डी चिको यांनी खरी जागा धरून काढलेलं उत्तर ‘स्काय अँड टेलिस्कोप’च्या नोव्हेंबर १९९१च्या अंकात आलं : १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटं २० सेकंद. त्यांनी आपला हिशेब एल्मोर यांच्यापुढे ठेवला आणि एल्मोर यांनी तो मान्य केला. या वेळेला सूर्य मावळायला वीसेक मिनिटं उरलेली. पश्चिमेच्या ढगांत ती वीस मिनिटं केव्हाच खर्च झाली असणार. म्हणजे म्हातारपणी सांगितलेली गोष्ट खरी ठरली, आणि ताज्या आठवणीतून वर्षभरात लिहिलेली ‘सूर्यास्तानंतर’ची हकिगत चुकीची. मी याच्या उलट पैज लावली असती.

पंचांगाच्या भाषेत सांगायचं तर पौर्णिमेला दोन दिवस होते आणि महिना होता कार्तिक शुद्ध. हर्नांदेजच्या क्रुसांवर तो अपुरा चंद्र वर आला त्या दिवसांत महाराष्ट्रातल्या अंगणांत तुळशीची लग्नं लागत होती. याला काही अर्थ नाही; पण एकदा लक्षात आलं की ते चित्र पाहताना डोक्यातून जात नाही.

एका दिवसाच्या फरकानं एवढं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण त्याला पैशाची बाजूही होती. त्या शरदात अ‍ॅडम्स नुसते हौसेनं हिंडत नव्हते. अमेरिकेच्या अंतर्गत (इंटीरियर) खात्याचे सचिव हॅरॉल्ड इकिस यांना वॉशिंग्टनमधल्या आपल्या इमारतीच्या भिंतींवर राष्ट्रीय उद्यानांची भव्य छायाचित्रं हवी होती. त्यासाठी ऑक्टोबर १९४१मध्ये अ‍ॅडम्स यांची नेमणूक झाली : जास्तीत जास्त १८० दिवस, दिवसाला २२ डॉलर २२ सेंट. सरकारसाठी काढलेलं चित्र सरकारचं, मधल्या दिवसांत स्वतःसाठी काढलेलं स्वतःचं. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं, युद्ध आलं, भिंती कोऱ्याच राहिल्या. पण निगेटिव्ह कुणाच्या, हा प्रश्न राहिला. टीटन पर्वत आणि स्नेक नदीचं त्यांचं प्रसिद्ध चित्र या कामात काढलेलं, म्हणून ते अमेरिकन सरकारच्या मालकीचं झालं. ‘मूनराइज’चं काय? कुठली निगेटिव्ह कधीची याची नोंद नसली तरी हजेरीची होती. १ नोव्हेंबर १९४१ या दिवसाचं बिल अ‍ॅडम्स यांनी खात्याला लावलेलं नाही.

डार्करूममध्ये या चित्राचं काय काय झालं हेही सांगायला हवं. निगेटिव्हमध्ये जमिनीचा भाग फार पातळ उतरला होता. क्रूस आणि घरं मोठ्या कष्टानं दिसत. १९४८ साली अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हचा खालचा भाग रसायनात बुडवून तो गडद करून घेतला. आकाशात मुळात वरपर्यंत ढगांचे पुसट पट्टे होते. प्रिंट काढताना त्यांनी ते वर्षागणिक अधिकाधिक काळे केले, आणि उत्तरकाळच्या प्रिंटांत चंद्राच्या डोक्यावर शाईसारखं आकाश उरलं. अंधार, उजेड, ढग, सगळं हातात होतं. चंद्राला मात्र जागचं हलवता येत नव्हतं.

ही विद्या पुढे सर्वांत चिकाटीनं चालवली ती टेक्ससमधल्या सॅन मार्कोसच्या विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी. खगोलशास्त्र, कला, इतिहास आणि साहित्य यांची सांगड घालणारा एक वर्गच ते चालवत, आणि विद्यार्थ्यांना घेऊन चित्रांच्या जागा शोधत फिरत. योसेमिटीच्या दरीतलं ‘मून अँड हाफ डोम’ हे अ‍ॅडम्स यांचं दुसरं चंद्रचित्र. ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कड्यावरची सावली, चंद्राची कला आणि जागा यांवरून ते २८ डिसेंबर १९६० रोजी दुपारी ४ वाजून १४ मिनिटांचं ठरवलं. ‘ऑटम मून’ या तिसऱ्या चित्रावर तर १९४४ साल वर्षानुवर्षं छापलं जात होतं. ग्लेशियर पॉइंटवरची कॅमेऱ्याची जागा धरून त्यांनी काढलेली तारीख १५ सप्टेंबर १९४८, सायंकाळी ७ वाजून ३ मिनिटं.

तारीख निघाली की पुढचा उद्योग सुचतोच : तोच चंद्र पुन्हा तिथे कधी येईल? आपल्याकडे तिथीचा आणि तारखेचा वाढदिवस एकोणिसाव्या वर्षी पुन्हा एकत्र येतो, हे घरातल्या आजीलाही ठाऊक असतं. २३५ चांद्रमास आणि १९ सौरवर्षं यांच्यात जेमतेम दोन तासांचा फरक आहे, त्याचा हा परिणाम. चंद्र उत्तर-दक्षिण किती झुकतो याचंही एक चक्र आहे, १८.६ वर्षांचं, तेही एकोणिसाच्या जवळचं. म्हणून एकोणीस वर्षांनी कला आणि जागा दोन्ही जवळपास जुळतात. १९४८ मध्ये तीन वेळा एकोणीस मिळवले की २००५. त्या वर्षी १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी ग्लेशियर पॉइंटवर कॅमेरे घेऊन माणसांची गर्दी जमली, सात वाजून तीन मिनिटांची वाट पाहत.

चंद्र नसला तर सूर्य चालतो. १४ ऑगस्ट १९४५, जपाननं शरणागती पत्करल्याचा दिवस. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये एका खलाशानं पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी तरुणीचं घेतलेलं चुंबन, आल्फ्रेड आयझेनस्टाट यांनी टिपलेलं. दिवस माहीत, जागा माहीत, पण वेळ नाही. आणि तो खलाशी मीच म्हणणारे अनेक. ओल्सन यांच्या गटानं चित्राच्या पार्श्वभूमीला एका उंच इमारतीवर पडलेली सावली हेरली. जुने नकाशे आणि फोटो धुंडाळून ती अ‍ॅस्टर हॉटेलच्या गच्चीवरच्या पाटीची असल्याचं ठरवलं, आणि २०१५ साली वेळ जाहीर केली : सायंकाळी ५ वाजून ५१ मिनिटं. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी अधिकृत घोषणा केली सात वाजता. म्हणजे विजयाचं ते जगप्रसिद्ध चुंबन विजय जाहीर होण्याच्या तासाभर आधीचं. दावेदारांपैकी ज्यांची हकिगत भर दुपारची होती, ती या सावलीत बसत नाही.

या सगळ्यांत जागा पक्की करता येते, म्हणून वेळ मिळते. उलटा प्रश्न घातला की पंचाईत होते. रॉबर्ट पिअरी ६ एप्रिल १९०९ रोजी उत्तर ध्रुवावर पोचल्याचं सांगत, आणि ते खरंच पोचले का यावर तेव्हापासून भांडण आहे. १९८९ साली नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीच्या सांगण्यावरून नॅव्हिगेशन फाउंडेशननं त्यांच्या फोटोंमधल्या सावल्या मोजल्या. ध्रुवावर त्या दिवसांत सूर्य क्षितिजापासून साडेसहा-सात अंशांवरच असतो; सावलीवरून उंची काढायची आणि उंचीवरून जागा. निष्कर्ष निघाला की तळ ध्रुवापासून पाच मैलांच्या आत होता. विरोधकांनी तो मानला नाही. आणि मला त्यांचं म्हणणं समजतं. तिथे ना चर्च, ना डोंगर. खडबडीत बर्फावर पडलेली लांबट सावली आणि धूसर क्षितिज. आकाश नेहमीइतकंच नेमकं, पण त्याला टेकवायला जमिनीवर एकही खूण नाही.

‘मूनराइज’चे प्रिंट आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. बहुतेक ठिकाणच्या पाटीवर आता १९४१ असतं. अ‍ॅडम्स यांचं निधन २२ एप्रिल १९८४ रोजी झालं, डी चिको यांचा लेख येण्याआधी सात वर्षं. अखेरपर्यंत त्यांच्या मते ते चित्र ३१ ऑक्टोबरचं, चारच्या सुमाराचं होतं. आपण भर दुपारी एवढी धावपळ का केली, असा प्रश्न त्यांना पडल्याची नोंद कुठे नाही.